आईच्या नावाचं जेवण

आज सकाळी मी रखमाकाकूंचा टोप रिकामा परत दिला. घासलेला, पुसलेला, पण रिकामा. दार वीतभर उघडून हात बाहेर काढला आणि टोप त्यांच्या हातात ठेवला, तेव्हा काकूंनी सवयीनं टोपात डोकावलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि नुसतं ‘बरं’ म्हणाल्या. बाजूचीच त्यांची खोली, चार पावलांत आत गेल्यासुद्धा. मी कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिले, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे देवा! या चाळीत रिकामं भांडं कुणी परत करत नाही. चिमूटभर साखर घालतात, दोन आमसुलं टाकतात, काहीच नसलं तर देवापुढचा खडीसाखरेचा खडा. मीठ तेवढं चालत नाही, मिठानं भांडण होतं म्हणतात. रिकामं भांडं म्हणजे तुमचं आमचं संपलं. आई आजारी पडल्यापासून किती भांडी आली आणि गेली, प्रत्येकात मी न चुकता साखर घातली होती. आणि आज विसरले. विसरले, कारण संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलला कळवायचं होतं आणि पलंगावर आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. काल संध्याकाळपासून ती माझ्याशी बोलत नव्हती. म्हणजे मीच तिच्याशी बोलत नव्हते. कोण कुणाशी बोलत नाही हे दोनच माणसांच्या घरात ठरवणं कठीण असतं.

हे दार आमचं कधी बंद नसायचं. आई लग्न होऊन मालवणहून या लालबागच्या खोलीत आली तेव्हापासून सकाळी दूधवाल्याला उघडलेलं दार झोपायच्या वेळेलाच लागायचं. दार लावणं म्हणजे एक तर घरात भांडण, नाहीतर कुणीतरी कपडे बदलतंय. आमच्या उंबऱ्यावर कायम कुणीतरी टेकलेलं. कुणी लसूण सोलतंय, कुणी सासूबद्दल रडतंय, कुणाची पोरं आमच्या पलंगाखाली लपलीयेत. आणि मध्ये आई, दुर्गा, पदर खोचून, सगळ्यांना एकाच वेळी ओरडत. मला हे कधी सोसलं नाही. दहावीचा अभ्यास मी कानात कापूस घालून केला. बँकेत लागल्यावर स्वप्न एकच, आपलं दार असावं, पाठीमागे आपोआप लागणारं, लॅचचं. कांजूरमार्गला एक वन-बीएचके बघितलंही होतं. आईनं तिथल्या पॅसेजमध्ये उभं राहून दोन्हीकडची बंद दारं बघितली आणि म्हणाली, “इथे माणसं मेली काय सगळी?” विषय तिथेच संपला. मग माझं लग्न झालं नाही, बाबा गेले, आणि आम्ही दोघी त्याच उघड्या दारात म्हाताऱ्या होत गेलो, ती सत्तरीची आणि मी सत्तेचाळीसची, तिला माणसं हवीत आणि मला नकोत.

म्हणून परळच्या हॉस्पिटलात पहिल्या केमोनंतर घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाली, “पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीत, साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतेल, भेटायला कुणी नको, बाहेरचं खाणं नको, कच्चं काही नको, घरात फुलंसुद्धा नकोत,” तेव्हा मला भीती वाटली हे खरं, पण भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं. सांगायलाही लाज वाटते. घरी आल्या आल्या मी दार लावलं. आतून कडी. गॅलरीतला सगळा गलका एकदम फडक्यात गुंडाळल्यासारखा झाला. तेवीस वर्षं मागत होते ते मिळालं होतं, आणि ते देणारा आईचा ब्लड कॅन्सर होता.

चाळ शहाणी. कुणी दार वाजवलं नाही. पण दाराबाहेरच्या स्टुलावर भांडी येऊ लागली. ‘आईसाठी.’ रखमाकाकूंचं वालाचं बिरडं, वरच्या मजल्यावरून नारळाच्या रसातल्या शेवया, कुणाची नाचणीची पेज, कुणाची तिसऱ्यांची आमटी. कॅन्सरच्या पेशंटला शिंपल्यांची आमटी! सुरुवातीला मी चरफडले. यांना सांगितलंय बाहेरचं चालत नाही, तरी अक्कल म्हणून नाही. पण परत कसं करणार? आणि टाकणार तरी कुठे? कचऱ्याचा डबा गॅलरीच्या टोकाला, संडासांच्या बाजूला, येता-जाता सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. दुसऱ्या दिवशी तोंडभरून विचारणार, “आईला आवडलं काय गो?” मग मी ते खाल्लं. आधी दोन घास, चव काय होती ते सांगता यावं म्हणून. मग वाटी. मग सगळं.

आईला वास सहन होत नव्हता. फोडणीचा तर नाहीच, गरम भाताच्या वाफेनंही तिला उमळून यायचं. म्हणून मी मोरीत जायची. पडदा ओढायचा, नळ बारीक सोडायचा, आणि कपडे धुवायच्या दगडावर बसून गार झालेलं ते सगळं हातानं खायचं. पुसायला नॅपकिन नाही, प्यायला पाणी नाही, मध्ये थांबणं नाही. मी, जी जन्मभर चिमणीसारखी खाते म्हणून आईनं माझ्यामागे ताट घेऊन धावण्यात आयुष्य घालवलं, जिची बँकेच्या डब्यातली पोळी-भाजी अर्धी परत यायची! मला भूक लागायची. कसली भूक म्हणून सांगू! पडद्याच्या पलीकडे आईच्या तोंडात फोड आलेले, जीभ सोललेली, पाण्याचा घोट घेताना डोळे मिटून घ्यायची, चमचाभर खिमटाला अर्धा तास. आणि अलीकडे मी टोपाच्या कडा बोटानं निपटून काढतेय. आईच्या उशीवर केसांचे पुंजके पडायचे तेव्हा माझे ड्रेस छातीवर घट्ट व्हायला लागले. तिचं वजन उतरत होतं आणि माझं चढत होतं. बँकेत एक दिवस जाऊन आले तर शेजारच्या टेबलावरची म्हणाली, “टेन्शनमध्ये सुटलीस गं.” टेन्शन कसलं, करंट्या बाईला खा-खा सुटली होती. आणि दारात टोप परत देताना मी तोंड वर करून सांगायची, “आईनं चाटूनपुसून खाल्लं हो काकू. वाल जरा आणखी शिजायला हवे होते म्हणाली.” हे शेवटचं मी मुद्दाम घालायची. खोट काढल्याशिवाय आई कुणाचं खात नसे, हे चाळीला ठाऊक. खोट काढली की त्यांचा विश्वास बसायचा.

आई ऐकत असेल का, हा विचार यायचा, पण ती बहुधा डोळे मिटून असायची. कधी कधी मी मोरीत असताना तिचा फोनवरचा आवाज यायचा, हळू, घोगरा, मालवणीत. गप्पा मारतेय, मारू दे म्हणायची मी. तेवढंच तिला माणूस. माझ्याशी ती गप्पा मारायची नाही. आमच्यात गप्पा नव्हत्याच कधी. ताप बघू, गोळी घेतली का, चूळ भर, पाय वर घे. दिवसभर एका खोलीत दोघी, आणि संध्याकाळी बघावं तर आपण दहा वाक्यं बोललेलो, त्यातली सहा थर्मामीटरबद्दल. मला वाटायचं, बंद दाराआड तरी आम्ही एकमेकींना सापडू. इतकी वर्षं मध्ये चाळ होती, आता नाही. पण चाळ काढल्यावर आमच्यामध्ये काहीच उरलं नाही, आणि ते काही नसणं फार मोठं होतं. एका दुपारी मी तिच्या डोक्यावरून ओला पंचा फिरवत होते. टक्कल पडलेलं डोकं, लहान मुलाच्या टाळूसारखं मऊ. ती म्हणाली, “बाहेर मसाल्याचा वास येतोय काय गो?” एप्रिलचे दिवस. लालबागच्या बाजारात मिरच्या भाजून कांडायला लागले होते, सगळ्या रस्त्याला ठसका. दरवर्षी याच दिवसांत आई अर्ध्या चाळीचा मसाला आपल्या अंगावर घ्यायची, धणे कुणाचे, मिरची कुणाची, सगळं तोंडपाठ. मी म्हटलं, “येतोय. खिडकी लावू?” ती म्हणाली, “माका येत नाय म्हणून विचारलं.” मी तरीही खिडकी लावली. का लावली ते अजून कळत नाही.

काल हॉस्पिटलात बोन मॅरोचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई तरुण, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असेल. खुर्ची पुढे ओढून आईसमोर बसली. तेव्हाच मला कळलं. चांगलं सांगायचं असलं की ते टेबलाच्या पलीकडूनच सांगतात. “आजी,” ती म्हणाली, “दोन सायकल झाल्या, पण खराब पेशी परत आल्यात. अजून एक सायकल करता येईल, आधीपेक्षा स्ट्राँग. शंभरात पंधरा-वीस जणांना फायदा होतो, पण तुमच्या वयात त्रास खूप होईल, आणि त्यातच काही होऊ शकतं. नाहीतर मग गोळ्या, लागेल तसं रक्त चढवणं, आणि घरी राहायचं. चार माणसांत. त्यात वेळ कमी मिळेल, पण बरा जाईल.” आई म्हणाली, “माका नको आता.” त्याच क्षणी मी म्हणाले, “करायचं.” दोन्ही शब्द एकदमच पडले. बाई दोघींकडे बघत राहिली. मग म्हणाली, परवाचा बेड धरून ठेवते, उद्या संध्याकाळपर्यंत फोन करा, पण निर्णय आजींचा.

घरी आल्यावर मी दार लावलं आणि मग जे काही तोंडाला येईल ते बोलले. कुठून आलं इतकं माहीत नाही. “पंधरा जणांना होतो ना फायदा? मग त्यात तू नसशील कशावरून? लोक परदेशात जातात, घरदार विकतात, आणि तुला फुकट बेड मिळतोय तर नको? इतकी का घाई झालीय जायची?” आईच्या दंडावर सुयांचे निळे-पिवळे डाग. म्हणाली, “वैशू, दार उघड. वारा येऊ दे जरा. मी बंद पेटीत नाय मरायची.” मी म्हटलं, “दार उघडलं तर इन्फेक्शन होईल.” ती म्हणाली, “होऊ दे.” आणि मग मी, सत्तेचाळीस वर्षांची, बँकेत लोकांच्या सह्या जुळतात की नाही बघणारी बाई, शेंबड्या पोरीसारखी किंचाळले, “आणि मी? तू गेल्यावर मी काय करू?” बाजूच्या खोलीतला टीव्ही बारीक झाला. आईनं भिंतीकडे तोंड केलं.

ती रात्र तशीच गेली. सकाळी स्टुलावर रखमाकाकूंची मुगागाठी आली होती, मोड आलेल्या मुगांची, वाटपाची, मी मोरीत बसून खाल्ली. खाताना रडत होते की रडताना खात होते, काय माहीत. आणि टोप रिकामा दिला.

दाराला पाठ लावून उभी असताना मला एक गोष्ट सुचली. आई माझं ऐकणार नाही, पण रखमाकाकूंचं ऐकेल. एकाच वर्षी सुना होऊन आलेल्या दोघी. बाबांचं काही ऐकायचं नसलं की आई काकूंना विचारून यायची. मी कधी कुणाच्या दारात काही मागायला गेले नव्हते. साखर संपली तर बिनसाखरेचा चहा पिणारी मी. पण आज गेले. आईला म्हटलं, आलेच.

काकू खाली बसून मांदेली साफ करत होत्या. मला दारात बघून त्यांचा हात थांबला. या खोलीत मी शेवटची कधी आले होते आठवेना. फडताळ तेच, पलंग तोच, फक्त सगळं लहान झालेलं.

“काकू, टोपात साखर घालायची राहिली.”

“राहू दे गो. बस.”

मी बसले नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रिपोर्ट, बेड, संध्याकाळ. “तुम्ही समजवा तिला. तुमचं ऐकेल ती. एकदाच या, मास्क लावून, लांब उभ्या राहा, पण समजवा.”

काकू मांदेलीची शेपटी कापत म्हणाल्या, “काय समजावू?”

“सांगा की अंगात ताकद आहे अजून. सांगा की...” आणि मी अडकले. ताकद कसली! मीच तर यांना रोज सांगत होते की ती चाटूनपुसून खाते. यांच्या हिशेबी दुर्गा आतमध्ये धडधाकट होत चाललीय. मग खरं बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. “काकू, तुम्ही पाठवता ते आई खात नाही. पहिल्या दिवसापासून एक घासही नाही. तिला चालतच नाही बाहेरचं. ते सगळं मी खाल्लंय. बिरडं, शेवया, सगळं. मी एकटीनं.”

मला वाटलं होतं त्या हातातलं टाकून उठतील. त्या उठल्या नाहीत.

“माका ठाव आसा,” काकू म्हणाल्या.

“काय ठाऊक आहे?”

“तू खातंस तां. तुझ्या आईनंच सांगितलंन. पहिल्यांदा घरी आली ना, तेव्हाच फोन केलान. म्हणाली, रखमे, पोरगी काय खात-पीत नाय, नि तिच्यासाठी म्हणून पाठवलंस तर दारातून परत करील, माझी पोर मला म्हायत आहे. माझ्या नावानं पाठव. माझ्यासाठी म्हटलंस की घेईल. वरच्या माळ्यावर पण तिनंच सांगितलं. रोज फोन यायचा, आज काय धाडलंस, टोपातलं सगळं संपलं काय.” त्यांनी कोपरानं डोळे पुसले, हात माशांचे होते. “मी म्हटलं, अगो दुर्गे, किती दिवस? तर म्हणाली, तिला तुमच्या हातच्याची सवय होईपर्यंत.”

मोरीतला नळ, ओढलेला पडदा, घाईघाईचे घास. आणि पलीकडे आई डोळे मिटून ऐकत होती, आणि तिच्या फोनवरच्या घोगऱ्या गप्पा माझ्याबद्दलच होत्या. मी तिला माणसांपासून तोडून बसले होते आणि ती तिथून, पडल्या पडल्या, मला माणसांत पेरत होती. पहिल्या सायकलपासूनच तिला कळलं होतं. दुसरी सायकल तिनं माझ्यासाठी सोसली असणार, चाळीला आणखी थोडा वेळ मिळावा म्हणून. मला राग आला. खरंच आला, अंगभर. मला न विचारता माझी व्यवस्था लावली हिनं! एखाद्या मांजरीच्या पिल्लासारखी, हे घर, ते घर. आणि रागाच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं, ते राग नव्हतं, त्याला मी नाव देत नाही. “काकू, तुम्ही नका येऊ समजवायला,” मी म्हटलं. काकू म्हणाल्या, “मी येणारच नव्हते, बाय.”

घरात आले तर आई उठून बसली होती. पाय खाली सोडून, एका हातानं पलंगाची कड धरून. केवढा आटापिटा केला असेल तेवढं करायला. चूळ भरायचा पेला तिनं स्वतःच घेतला होता, थोडं पाणी गाऊनवर सांडलेलं.

“भिंत काय जाड नाय,” ती म्हणाली. मग जरा थांबून, दम घेऊन, “वैशू, जाऊया उद्या. एक डाव आणखी करूया. एवढं केलं, त्यात काय. तुझ्यासाठी जाते मी.”

हेच मला हवं होतं. काल रात्रभर मी देवाला हेच मागत होते, माझा देवावर विश्वास नसताना. आता ते तिनं समोर धरलं होतं आणि ती मान ताठ ठेवायचा प्रयत्न करत होती, मला दिसावं म्हणून की बघ, जमेल. ओठांच्या कोपऱ्यात रक्त सुकलेलं. मी हो म्हटलं असतं तर ती उद्या माझा हात धरून जिना उतरली असती, आणि तिथे नळ्यांमध्ये, काचेच्या आड, माझ्यासाठी मरेपर्यंत टिकली असती. मला ठाऊक आहे, तिनं ते केलं असतं.

“नको,” मी म्हटलं.

“अगो, पण पंधरा जणांना...”

“नको आई. मी फोन करते त्यांना. गोळ्या सुरू करूया.”

मी तिच्यासमोरच फोन लावला. बेड दुसऱ्या कुणाला द्या म्हटलं. पलीकडच्या बाईनं दोनदा नाव विचारलं, मी दोनदा सांगितलं, दुर्गा, हो, दुर्गाच. फोन ठेवला आणि तिच्या बाजूला बसले. पलंग माझ्या बाजूला खाली गेला. आईनं माझ्या मांडीवर हात ठेवला. तो इतका हलका होता की आहे की नाही बघायला मला खाली बघावं लागलं. मग काल मी जे किंचाळून विचारलं होतं तेच तिनं हळू विचारलं.

“मग तू काय करशील?”

“जेवीन,” मी म्हटलं. “रखमाकाकूंकडे जाऊन, खाली बसून जेवीन.”

आईनं मान हलवली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचा, ओरडतानाचा.

“लाजू नको हां तिथे,” ती म्हणाली. “हवं तर मागून घे.”